रहिवाशांच्या बैठकीला कोणी येत नसेल, तर त्यांना स्थानिक निर्णयांत सहभागी कसे करून घ्यावे?

वारंवार बोलावूनही बैठकीला कोणी येत नाही, लोक उदासीन आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यातील ‘उदासीन’ हा शब्द मला मान्य नाही. याच शब्दावरून आमच्या रहिवासी समितीतील एका सहकाऱ्याशी माझा अनेक वर्षे वाद चालू आहे.

आमच्या घरांमागील मोकळ्या जागेवर वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवाशांची मते जाणून घेण्यासाठी म्हणून बैठक ठेवली गेली, तीही कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता. १७ माणसे आली. भिंतीवरचा नकाशा शाईने पक्का केलेला होता आणि त्यावर गाड्यांच्या जागांना क्रमांकसुद्धा पडले होते. मागे बसलेल्या एका वृद्ध बाई उठून पुढे आल्या, नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “पावसाचं सगळं पाणी इथं उतरतं. फरशी घातल्यावर ते जाणार कुठं?” सूचना नोंदवून घेतो, असे उत्तर मिळाले. आठवड्याने हाती आलेल्या इतिवृत्तात त्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता. ‘प्रस्ताव सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिले होते, आणि ते माझ्या याच सहकाऱ्याने लिहिले होते. पुढच्या बैठकीला त्या बाई आल्या नाहीत, तेव्हा तो मला म्हणाला, “बघा, लोकांना काही पडलेली नसते.”

नागरिकांच्या सहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात मत विचारणे ही चौथी पायरी आहे आणि खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. आमची बैठक चौथीचे नाव घेऊन भरली होती, पण होती ती अगदी तळाच्या पायरीवर, जिथे लोकांना केवळ संमतीपुरते बसवले जाते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून रहिवाशांच्या सभा अर्थसंकल्पातील कामांचा प्राधान्यक्रम ठरवू लागल्या, तेव्हा तिथेही सुरुवातीची उपस्थिती बेताचीच होती. ठरलेली कामे उभी राहताना दिसली, तशी ती वाढत गेली.

आमच्याकडे त्या फसलेल्या बैठकांनंतर आम्ही तिघे दोन महिने घरोघरी गेलो. ‘तुमचे मत काय’ असे न विचारता ‘या जागेतून तुम्ही कधी आणि कशासाठी जाता’ असे विचारले, कारण मत द्यायला संकोचणारा माणूसही स्वतःच्या वाटेविषयी भरभरून बोलतो. पुढची बैठक त्याच मोकळ्या जागेत संध्याकाळी घेतली, नकाशा पेन्सिलीने काढला आणि उठण्यापूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवले. ८० जण आले. वाहनतळ निम्मा झाला आणि खालच्या कोपऱ्यात गटार बांधले गेले.

म्हणून आपणही आधी काय अजून ठरायचे आहे ते स्पष्ट सांगा, आणि इतिवृत्त कोण लिहिते याकडे बारीक लक्ष द्या. सह्यांच्या मोहिमेवर माझा फारसा विश्वास नाही. सही करणारा पुन्हा भेटतोच असे नाही. अर्थात, काही निर्णय खरोखरच स्थानिक पातळीवर होत नाहीत आणि तिथे ही पद्धत अपुरी पडते. शिवाय घरोघरी फिरूनही भाडेकरू आमच्याकडून सुटलेच होते. ते एका भाडेकरू मुलीनेच भर बैठकीत आमच्या लक्षात आणून दिले.

वृद्ध बाईंचा प्रश्न या वेळी इतिवृत्तात शब्दशः गेला. माझ्या सहकाऱ्याने त्यावर सही केली, पण आपला शब्द त्याने अजून मागे घेतलेला नाही.