मार्चएंडच्या धांदलीत वाकळ कधी शिवू?

"मॅडम, आठवडा कधी सुरू होतो नि कधी संपतो तेच कळत नाही. स्वतःसाठी काही करायला घेतलं की वाटतं, आपण कामचुकारपणा करतोय." मार्च आला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने हमखास ऐकू येतं. याचं उत्तर एका ताईंच्या अनुभवातून देते. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई सांगलीकडच्या, एका पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर. 31 मार्चच्या आत वसुली, ताळेबंद, ऑडिटची तयारी. घरी सासऱ्यांचं पथ्यपाणी, मुलाची दहावी. जेवण-झोप ठीक होतं, पण मन कशातच नव्हतं. चिडचिड मुलावर निघायची आणि मग रात्री त्याचंच रडू यायचं.

त्यांच्या शेजारच्या गल्लीत काही बायका उन्हाळ्यात एकत्र बसून वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवतात. ताईंनीही आजीच्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली होती, पण ती कधीची गाठोड्यात पडून होती. सवड मिळाली की एकदाच बसून पुरी करायची, असं त्यांनी ठरवलेलं. माझ्या मते अडत होतं ते इथेच. वाकळसुद्धा त्यांच्या राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन बसली होती. म्हणून मी सांगितलं, वाकळ राहू दे, बुधवारी नुसतं त्या बायकांत अर्धा तास जाऊन बसा.

"रिकाम्या हाताने कशी जाऊ?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा जास्त अवघड होता: तेवढा वेळ सासऱ्यांकडे कोण बघणार? यावर आम्ही बराच वेळ घालवला. "मला वेळच मिळत नाही" असं त्या नवऱ्याला कितीदा तरी म्हणाल्या होत्या. त्याऐवजी "बुधवारी सहा ते सात आप्पांचा चहा आणि गोळ्या तुम्ही बघा" असं नेमकं सांगायचं ठरलं. नवरा लगेच हो म्हणाला. प्रत्येक घरात हे इतकं सोपं नसतं, पण कुणाला काय करायचंय ते स्पष्ट कळलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

पहिल्या बुधवारी एका काकूंनी त्यांच्या हातात सुई दिली. "मला आता ओवता येत नाही गं, तेवढी ओव आणि ही कड घाल." सुईवर चार-पाच टाके घ्यायचे, दोरा ओढायचा, आतले थर गोळा होऊ नयेत म्हणून तळहाताने कापड सारखं करायचं, की पुन्हा टाके. पुढच्या भेटीत ताई म्हणाल्या, "तिथं कुणी मला काही पुरं करायला सांगितलं नाही. उठताना म्हणाल्या, बुधवारी ये, वाट बघतो." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

मन लागेल तेव्हा करू, असं म्हणून थांबायचं नाही. आधी छोटी कृती करायची, मन मागून येतं. मानसोपचारात ही पद्धत 1970 च्या दशकापासून रुजली आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी 2016 मध्ये 39 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माती, रंगीत पेन, कोलाज यांत 45 मिनिटं रमल्यावर सुमारे 75 टक्के लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं होतं. आधीचा सराव असो वा नसो, फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे आणि त्यात वाकळ नव्हती, पण "मला कुठं येतंय" म्हणणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताईंना जाता आलं नाही. मात्र जेवणाच्या सुट्टीत रद्द व्हाउचरच्या पाठीवर त्यांनी ठिगळांची मांडणी काढली, कुठलं काठाचं, कुठलं मधलं, आणि काकूंना दाखवायला घरी नेली. एप्रिलमध्ये गाठोडं सुटलं. चिडचिड पूर्ण गेली नाही, पण मुलाशी ओरडल्याशिवाय बोलता येऊ लागलं.

ज्यांची झोप-भूक उडाली आहे, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतंय किंवा जगणं नकोसं झालंय, त्यांनी मात्र अशा उपायांवर थांबू नये. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.