नव्या घरासोबत हॉट टब (बाहेर बसायचं गरम पाण्याचं मोठं कुंड) आलाय. देखभालीचे कष्ट घेण्यासारखे आहेत का, की काढून टाकावा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत मिनियापोलिसजवळ घर घेतलंत, मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, आधीच्या मालकांचा सहा जणांचा टब आहे, मुलं सात आणि दहा वर्षांची, दोघंही नोकरी करता. आम्ही तुमच्यापासून तासाभरावर राहतो आणि सात हिवाळे टब चालवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठवड्यातून तीनदा तरी बसणं होणार असेल तर ठेवा. महिन्यातून दोनदाच होणार असेल तर बर्फ पडायच्या आत काढा. तुम्ही बसा किंवा बसू नका, पाणी रात्रंदिवस गरम ठेवावं लागतं आणि क्लोरीन उडून जातंच. दारात दुभतं जनावर बांधलं की घरात दूध लागो न लागो, धार काढावीच लागते, तसं आहे हे.

वेळ मोजलात तर फार जात नाही. मला आठवड्याला अर्धा तास पुरतो. बुधवारी आणि रविवारी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे रंग बदलून पाण्यात काय किती आहे ते दाखवणारी कागदी पट्टी, बुडवते. पीएच (पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.8 च्या मध्ये हवा, क्लोरीन 3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 3 भाग) खाली जाता कामा नये. बसून बाहेर आलं की क्लोरीनची पूड टाकायची आणि कव्हर उघडं ठेवून दहा मिनिटं जेट (पाण्याचे जोरदार फवारे) चालू ठेवायचे. दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुवायचा. हिवाळ्यात बाहेरचा नळ बंद केलेला असतो, म्हणून मी तो तळघरातल्या सिंकमध्ये धुते. घडीघडीतून राखाडी पाणी निघतं, ते स्वच्छ येईपर्यंत धार धरायची.

आपल्या घरांत एक खास अडचण असते, ती म्हणजे खोबरेल तेल. पहिल्या वर्षी शनिवारी मुलींच्या डोक्याला तेल लागायचं आणि तशाच त्या टबात उतरायच्या. जेट सुरू केले की वीतभर फेस. पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं तर मेणचट थर हाताला लागायचा. मी फेस घालवायचं औषध ओतत राहिले, त्याने फेस बसायचा आणि तेल तसंच राहायचं. आता नियम आहे: आधी अंघोळ, केस वर बांधलेले, आणि पोहण्याचे कपडे साबण न लावता नुसत्या पाण्यात धुतलेले. फेस गेला.

एका दिवाळीला घरी पाहुणे होते, आठदहा जण आळीपाळीने बसले. दुसऱ्या दिवशी स्ट्रिप न बुडवता मी मुलींना आत जाऊ दिलं. दोन दिवसांनी धाकटीच्या पाठीवर, जिथे ओला कपडा अंगाला चिकटून होता तिथे, लाल पुटकुळ्या उठल्या. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "घरी हॉट टब आहे का?" स्यूडोमोनास नावाचा जंतू होता. आठवड्याभरात अंग साफ झालं, पण त्या संध्याकाळी मी स्ट्रिप बुडवली तेव्हा क्लोरीनचा चौकोन पांढराफटक राहिला, म्हणजे क्लोरीन उरलंच नव्हतं, ते मी विसरलेले नाही. लीजनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू त्याहून वाईट. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबातून तो पसरला आणि तीसहून जास्त माणसं गेली. टबात न उतरता नुसते जवळून गेलेले लोकही आजारी पडले, कारण तो पाण्याच्या तुषारांतून श्वासात जातो. म्हणून पाण्याची तपासणी तुमच्या दोघांपैकी नक्की कोण करणार, हे आधी ठरवा. "जमेल तसं बघू" असं असेल तर टब ठेवू नका.

आणि भारतवारीचा विचार करा. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पुण्याला होतो. इकडे ब्रेकर पडला, बाहेर उणे 20 फॅरनहाइट, आणि आम्हाला पत्ताच नाही. परत आलो तर पाणी गोठलेलं, नळ्या फुटलेल्या, पंपाला तडा. दुरुस्तीला 1,800 डॉलर गेले. आता आम्ही नसताना मैत्रीण एक दिवसाआड कव्हर उचलून पाण्याला हात लावून येते. असं कुणी नसेल तर निघण्याआधी टब रिकामा करायचा, शॉप व्हॅकने (पाणीही चालणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरने) नळ्यांमधलं पाणी फुंकून काढायचं आणि आरव्हीसाठी, म्हणजे राहण्याच्या गाड्यांसाठी, मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरायचं.

पाणी कधी बदलायचं याचा हिशेब सोपा आहे: टबात मावणाऱ्या गॅलनना तीनने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या सरासरीने, येतील तितके दिवस. 400 गॅलन आणि रोज दोघं म्हणजे साधारण 66 दिवस. पुष्कळ दिवस ताणू नका. दाणेदार क्लोरीन बहुतेक डायक्लोर असतं, त्यातून सायन्युरिक ॲसिड साचत जातं. मग स्ट्रिपवर क्लोरीन दिसतं पण जंतू मारायला ते मंदावतं. आम्ही नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी पाणी बदलतो, कडाक्याच्या थंडीत रिकामा टब उघडा ठेवणं धोक्याचं.

खर्चाचं म्हणाल तर आमचं विजेचं बिल हिवाळ्यात महिन्याला 60-70 डॉलरने वाढतं, औषधांना वीसेक डॉलर. कव्हरच्या आतला फोम पाणी पिऊन जड होतो. तुमचं कव्हर एका माणसाला उचलवत नसेल तर नवं घ्यावं लागेल, आम्हाला 500 डॉलर पडले.

हे सगळं करून आम्ही टब ठेवलाय, कारण जानेवारीत बाहेर पापण्यांवर दव गोठत असताना चौघं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसतो आणि फोन घरात असतात. थोरली शाळेतलं जे जेवणाच्या टेबलावर कधी सांगत नाही, ते तिथे सांगते. नवऱ्याची पाठही मोकळी होते. तुमच्या मुलांसाठी तापमान 104 फॅरनहाइटवर न ठेवता 98च्या आसपास ठेवा, दहा मिनिटं पुरे, आणि कव्हरला कुलूप हवंच.

ठेवायचं ठरवलंत तर आताचं पाणी वापरू नका. नळ्या साफ करायचं औषध टाकून रात्रभर ठेवा, मग जेट लावा. आमच्या जुन्या टबातून गार चहावरच्या सायीसारखे तपकिरी पापुद्रे तासभर येत होते. नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन असतं, तेव्हा डेकचे खांबही कुणाकडून तपासून घ्या. मग फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि बसाल त्या दिवशी खूण करा. मार्चअखेर चाळीसच्या आत खुणा असतील तर फुकट न्यायला तयार असलेले ट्रकवाले लगेच मिळतात. आमच्या शेजाऱ्यांचा टब दोन दिवसांत गेला.