तारीख सोडू नकोस

बाय, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वकिलीची सनद हातात आली, सिनियर वकील महिन्याला तीन हजार देतात, त्यातले निम्मे एसटीत जातात आणि मुंबईची कंपनी चाळीस द्यायला तयार आहे. ‘किती वर्षं थांबू?’ म्हणतेस. वर्षं मला सांगता येणार नाहीत. कोर्टाची तारीख सोडू नकोस, एवढंच सांगतो.

चवदार तळ्याची गोष्ट आपण सांगतो ती २० मार्च १९२७ ची. पुढचं कोर्ट कुणी सांगत नाही. त्याच डिसेंबरात तळं खाजगी म्हणून दावा लागला, मनाई आली. महाडचा निकाल १९३१ ला, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ ला, उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी! आपल्याला दूर ठेवायची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे दावा लावणाऱ्यांना शाबीत करता आलं नाही. मधल्या तारखांना आपल्या बाजूने कुणी उभंच राहिलं नसतं तर?

मी एक तारीख सोडली होती. वकिलीचं दुसरं वर्ष. वाडीच्या विहिरीचा दावा होता आणि मी मुंबईला बँकेच्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो. वाडीतली सात माणसं पहाटे चालत निघून कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. पुकारा तीनदा झाला. वकिलाशिवाय आत जायचं नसतं, असं वाटून ती बाहेरच थांबली. दावा गैरहजेरीत काढून टाकला. तो पुन्हा फाइलवर घ्यायला अकरा महिने गेले, तोवर बायका डोक्यावर हंडे घेऊन वहाळावर जात होत्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही मी अकरा वाजता कोर्टात होतो. भाऊ अजून बोलत नाही. पण त्या दिवशी उलटतपास होता गं! तो चुकला की समोरच्याची साक्ष तशीच उभी राहते. मी काय करायला हवं होतं? आजही तेच करीन.

पैशाचं म्हणशील तर शिकवण्या घे, टायपिंग कर. तीन वर्षं भरली की विधी सेवेच्या पॅनलला अर्ज कर. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळतो, आणि तो वकील हजर राहणारा लागतो. मुंबईला गेलीस तरी मी रागावणार नाही. नाही, रागावेन. खोटं कशाला लिहू.

सोमवारी वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांची तारीख आहे. त्यांना कोर्टाचा दरवाजा कुठला तेही ठाऊक नाही. पहिली गाडी पकड, साडेदहाला व्हरांड्यात त्यांच्याजवळ बस. पुकारा झाला की त्यांना हाताला धरून आत घेऊन जा. मी मागच्या बाकावर असेन.