व्हॅनेडियमला (पोलाद मजबूत करायला लागणारा धातू) एवढी मागणी आहे, तर भारतात त्याची खाण का नाही? बॅटऱ्यांमुळे भाव चढतील का?

खाणीचं आधी उरकतो, कारण तो भाग सोपा आहे. खास व्हॅनेडियमसाठी चालणाऱ्या खाणी जगात मोजक्याच. ब्राझीलच्या बाहिया राज्यातली माराकास २०१४ पासून चालू आहे, दक्षिण आफ्रिकेत बुशवेल्डचा पट्टा आहे. बाकी बहुतेक माल लोखंडाच्या मागून येतो. चीनचं पांझिहुआ आणि रशियाचं काचकानार इथे टायटॅनोमॅग्नेटाइट (टायटॅनियम असलेलं लोहखनिज) खणतात ते लोखंडासाठी. हॉट मेटलमध्ये (वितळलेल्या कच्च्या लोखंडात) ०.३ टक्क्याच्या आसपास व्हॅनेडियम उतरतं. ते लोखंड वेगळ्या कन्व्हर्टर भट्टीत ऑक्सिजनने फुंकतात आणि तापमान १४०० अंशांच्या खाली दाबून ठेवतात. त्या तापमानाला कार्बनच्या आधी व्हॅनेडियम जळून स्लॅगमध्ये (धातूवर तरंगणाऱ्या मळीत) जातं. तापमान चढलं की कार्बन पेट घेतो आणि व्हॅनेडियम धातूतच अडकतं. त्या स्लॅगमध्ये १५-२० टक्के पेंटॉक्साइड (व्हॅनेडियमचा ऑक्साइड) असतं. तो दळायचा, सोडा ॲशबरोबर ८०० अंशांच्या वर भाजायचा, पाण्यात उतरवायचा, अमोनियम सल्फेटने साका पाडायचा. स्लॅगमध्ये चुना जास्त आला तर कॅल्शियम व्हॅनेडेट बनतं, ते पाण्यात उतरत नाही आणि रिकव्हरी (हाती येणारा वाटा) घसरते.

आता भारत. २०२३ च्या ३० क्रिटिकल खनिजांच्या यादीत व्हॅनेडियम आहे. अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला ते सापडलंय. कर्नाटक, ओडिशा आणि थोडं महाराष्ट्रातही टायटॅनोमॅग्नेटाइट आहे. पण टायटॅनियम चढलं की ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग घट्ट होतो, टॅपिंगला (भट्टीतून बाहेर काढायला) त्रास होतो. घरात चांगलं हेमॅटाइट लोहखनिज असताना हे दुखणं कोण विकत घेईल? त्यामुळे आपल्याकडे निघतं ते ॲल्युमिना रिफायनरीच्या बायर लिकरमधल्या (बॉक्साइट विरघळवलेल्या कॉस्टिक द्रावणातल्या) स्लजमधून आणि तेल रिफायनरीच्या वापरलेल्या कॅटॅलिस्टमधून. बाकी आयात. यादीत नाव आलं म्हणून खाण सुरू होत नाही.

भावाबद्दल. जगात वर्षाला लाखभर टन व्हॅनेडियम निघतं आणि त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास पोलाद खातं. चीनने नोव्हेंबर २०१८ पासून सळईचं नवं मानक लागू केलं आणि पाण्याने कडक केलेली सळई बाद करायला मायक्रोस्ट्रक्चरची तपासणी आणली. म्हणजे ताकद मिश्रधातूतूनच आणा. पेंटॉक्साइड पाउंडाला २८ डॉलरच्या वर गेलं. मग पोलाद गिरण्या नायोबियमकडे (तेच काम करणारा दुसरा धातू) वळल्या आणि २०१९ च्या मध्यापर्यंत भाव १० डॉलरच्या खाली. आपली टीएमटी सळई मात्र पाण्याच्या क्वेंचिंगवरच (गरम सळई पाण्याने झटक्यात थंड करून कडक करण्यावरच) चालते, तिला सहसा व्हॅनेडियम लागतच नाही. तेव्हा ‘भारतात बांधकाम वाढतंय, व्हॅनेडियमचे शेअर घ्या’ असं सांगणाऱ्याला सळई कशी बनते ते आधी विचारा.

बॅटरीचा हिशोब असा. व्हॅनेडियमची फ्लो बॅटरी टाक्यांतल्या द्रावणात वीज साठवते. ते द्रावण, इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये लिटरला १.६ मोल व्हॅनेडियम. सेलचा व्होल्टेज १.२६ धरला तर कागदावर एका युनिट विजेला ५.४ किलो पेंटॉक्साइड लागतं. प्रत्यक्षात चार्ज पूर्ण टोकाला नेत नाहीत, तोटेही असतात, म्हणून ८ किलो धरा. एका मेगावॉट-तासाला ८ टन, म्हणजे साडेचार टन व्हॅनेडियम. तेवढ्यात ०.०५ टक्के व्हॅनेडियमची ९ हजार टन सळई होते. चीनमधल्या दालियनचा ४०० मेगावॉट-तासांचा असा बॅटरी प्रकल्प २०२२ मध्ये जोडला गेला, त्या एकट्याला जगाच्या वर्षाच्या उत्पादनातला पावणेदोन टक्का लागला. असे प्रकल्प रांगेने आले तर भाव चढणारच, आणि चढले की याच बॅटरीचं गणित सगळ्यात आधी कोसळतं. पोलादात टनाला अर्धा किलो पडतं, तिथे भाव दुप्पट झाला तरी सोसतो. बॅटरीत तोच मुख्य खर्च. शिवाय ४० अंशांच्या वर पॉझिटिव्ह टाकीत पेंटॉक्साइडचा साका बसून फेल्ट (इलेक्ट्रोडचा कार्बनी नमदा) आणि पाइप चोंदतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात हीट एक्स्चेंजर आणि चिलर धरल्याशिवाय कोटेशन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण मला खरं बोलायचंय ते फोर्जिंगच्या पोलादाबद्दल, कारण महागडं व्हॅनेडियम सगळ्यात जास्त वाया जातं ते तिथे. ३८एमएनव्हीएस६ हा ग्रेड घ्या, त्याचे बनतात क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड. व्हॅनेडियम ०.०८ ते ०.२०, नायट्रोजन ०.०१० ते ०.०२० टक्के. पहिला आकडा सगळे बघतात, दुसरा कुणी बघत नाही. यील्ड (पोलाद कायमचं वाकण्याआधी सोसतं तो ताण) कमी आली की खरेदीवाले आणि मेल्टिंगवाले मिळून ठरवतात, ‘व्हॅनेडियम वाढवा’. माझं भांडण याच वाक्याशी आहे.

३० टनांची लॅडल (वितळलेल्या पोलादाची मोठी बादली), लक्ष्य ०.१० टक्के. ३० किलो व्हॅनेडियम हवं. ५० टक्क्यांचं फेरोव्हॅनेडियम (लोखंड आणि व्हॅनेडियमचा मिश्रधातू), रिकव्हरी ९५ टक्के, म्हणजे ६३ किलो. हे ॲल्युमिनियमने पोलाद किल करून (त्यातला ऑक्सिजन बांधून), स्लॅग पांढरा झाल्यावर टाकायचं. स्लॅग काळा असताना टाकलंत तर त्यातला लोहाचा ऑक्साइड व्हॅनेडियम खातो. खडे १० ते ५० मिलिमीटरचे हवेत. पिशवीच्या तळाचा भुगा स्लॅगमध्येच अडकतो, तो वजनात धरू नका. आर्गॉनचा आय (वायूच्या बुडबुड्यांनी स्लॅग बाजूला सरकतो ती जागा) उघडा ठेवा, तीन ते पाच मिनिटं ढवळून मगच सॅम्पल.

आता खरी गोम. हायड्रोजन काढायला हीट (वितळलेल्या पोलादाचा घाणा) व्हीडीला (व्हॅक्यूम डिगॅसिंगला) जाते, आणि तिथे नायट्रोजनही पडतो. आर्क भट्टीच्या पोलादात ८०-९० पीपीएम (१०० पीपीएम म्हणजे ०.०१ टक्के) होता तो ६० च्या आसपास येतो. व्हॅनेडियमची ताकद येते ती बारीक नायट्राइड-कार्बोनायट्राइडच्या कणांतून. नायट्रोजन नसेल तर अर्धं व्हॅनेडियम नुसतं विरघळून बसतं. दर १० पीपीएम नायट्रोजनला साधारण ५-६ मेगापास्कल मिळतात. ६० वरून १३० ला नेलं तर ४० मेगापास्कल, एक खडाही फेरोव्हॅनेडियम न वाढवता. म्हणून व्हीडीनंतर नायट्राइडेड मँगनीजची वायर मारा किंवा व्हॅनेडियमच नायट्राइडच्या रूपात द्या. टायटॅनियमवर लक्ष ठेवा: ०.०२ टक्के टायटॅनियम जवळजवळ ६० पीपीएम नायट्रोजन आधीच बांधून टाकतं.

हे सगळं करून फोर्जशॉपने गरम तुकडे बिनमध्ये ढिगाने टाकले तर मधले सावकाश थंड होतात, कण जाड होतात आणि एकाच बिनमधल्या कडेच्या आणि मधल्या तुकड्यांची बीएचएन (कडकपणाचा आकडा) जुळत नाही. कन्व्हेयरवर सुटे, एका थरात, पंख्याखाली.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. नायट्रोजन २०० पीपीएमच्या वर नेऊ नका, ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळ भोकं) येतात. आणि बॅटरीतलं व्हॅनेडियम झिजत नाही, वीस वर्षांनीही इलेक्ट्रोलाइट परत मिळतो. म्हणून इलेक्ट्रोलाइट भाडेपट्ट्याने घेण्याचा विचार चालू असतो आणि माझा वरचा खर्चाचा मुद्दा त्यामुळे थोडा मवाळ होतो.

तुम्ही पुरवठादाराकडून असलं पोलाद घेत असाल तर टेस्ट सर्टिफिकेटवर नायट्रोजन छापून मागा, आणि तो स्पेक्ट्रोवरचा (ठिणगीच्या प्रकाशावरून मोजलेला) नको, पिन सॅम्पलचा (काडीसारख्या नमुन्याचा) लेकोवर (नमुना वितळवून वायू मोजणाऱ्या यंत्रावर) काढलेला हवा. ‘आमच्याकडे तसं देत नाहीत’ म्हणाले तर व्हॅनेडियमच्या नावाने घेतलेला जादा दर कमी करून घ्या.