पूर ओसरल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, तर पाणी किती दिवसांनी पिता येते?

प्रश्न दिवसांचा नाहीच. पावडर नीट मिसळल्यावर अर्ध्या तासाने दर लिटर पाण्यात किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळा उरलेला) शिल्लक आहे का, हे पाहायचे असते. नसेल, तर आठवडा उलटला तरी ते पाणी पिण्याजोगे होत नाही.

हे ठासून लिहिण्याचे कारण असे, की एका पूरग्रस्त गावात मदतकार्य करताना याच मुद्द्यावर पथकप्रमुखांशी माझे चांगलेच वाजले होते. त्यांनी गढूळ विहिरीत पावडरीचे पोते तसेच रिकामे करवले, फोटो काढून घेतला आणि विहीर शुद्ध झाल्याची नोंदही केली. पोते ओलसर होते, पावडरीचे खडे झाले होते आणि नाकाला झोंबणारा वास जवळजवळ गेला होता. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो तो बहुतांशी चुना. मी क्लोरोस्कोपच्या (क्लोरीन मोजायच्या साध्या संचाच्या) नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले, तर पिवळी छटासुद्धा आली नाही. "एवढी पावडर टाकल्यावर चाचणी कशाला?" असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. चाचणी हवी, कारण उरलासुरला क्लोरीन गाळच खाऊन टाकतो.

आधी गाळ काढावा, पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच विहिरीत सोडून पाणी ढवळावे. झऱ्यांचे नवे पाणी येत राहिल्याने हेही फार टिकत नाही. म्हणून विहिरीवर माणूस बसवून, भरलेल्या प्रत्येक भांड्यात क्लोरीनचे द्रावण मोजून घालावे, असे माझे म्हणणे होते आणि आजही आहे. पथकप्रमुखांच्या मते त्यात माणसे वाया जात होती. तुंबलेल्या शौचखड्ड्यांचा विषय तर त्यांनी बैठकीत येऊच दिला नाही. खरा धोका मात्र मैल्याचाच असतो: हैती या कॅरिबियन देशात २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला आणि कॉलरा ऑक्टोबरमध्ये पसरला, तो नदीत मैला मिसळल्यामुळे, भूकंपामुळे नव्हे.

अर्थात, विहिरीत डिझेल किंवा कीटकनाशक उतरले असेल, तर क्लोरीनचा उपयोग नाही. जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर भराभर उपसू नका, बांधकाम ढासळू शकते. तुमच्याकडील नोंदवहीत पावडरीचे किलो लिहिलेले असतील आणि चाचणीचा रकाना कोरा असेल, तर ते पाणी तूर्त पिऊ नका.