पोरगी जंगल टुरिझममध्ये जाते म्हणतीय, जाऊ द्यावं का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. पोरगी कोल्हापुरात बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला, गाव राधानगरीच्या वर दाजीपूर रोडला, ती म्हणतीय शिकून गावातच इको टुरिझम करणार, तुम्ही म्हणताय एमपीएससीला बस, आणि तिचा चुलता म्हणतोय रोडची दोन एकर पडूनच आहे, स्विमिंग टँक बांधून रिसॉर्ट टाकू, पोरगी मॅनेजर. घरात रोज वाद, आणि निकाल मी द्यायचा!

बरं, देतो. पोरीचं बरोबर आहे. फक्त डिग्री झाल्या झाल्या नाही, आणि चुलत्याच्या रिसॉर्टमध्ये तर अजिबात नाही.

बघा, आपल्या लोकांना ताडोबा माहितीय, गोव्याचा बीच माहितीय, पण दाजीपूर म्हणजे काय तर फोंडा घाट उतरायच्या आधी चहाला थांबायचं ठिकाण. १९५८ सालचं अभयारण्य आहे हो ते, गव्यांसाठी राखलेलं, साधारण ३५१ चौरस किलोमीटर, आणि २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या त्यात राधानगरी आहे. म्हणजे माल घरात आहे, पण तो जपून विकायचा आहे. कासला काय झालं बघा ना, फुलं बघायला एवढी झुंबड उडाली की शेवटी दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालायला लागली. आपल्याकडं मे संपता संपता काजवे बघायला जी गर्दी होते त्यात निम्मे लोक मोबाईलची बॅटरी मारतात, आता काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलवायला, तुम्ही त्याच्यावर टॉर्च मारला तर त्याला कोण दिसणार? हे पाहुण्याला चारचौघात न दुखावता सांगता येणं, आणि ऐकलं नाही तर गाडीत बसवून परत पाठवणं, हेच या धंद्यातलं खरं काम आहे. त्यासाठी जंगल माहीत पाहिजे आणि माणसंही.

म्हणून आधी डिग्री नीट पूर्ण करू दे, बॉटनी इथं सोन्यासारखी आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या फुलांची, घाटातल्या पक्ष्यांची नोंद आत्तापासून ठेवायची, ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदीच्या वेबसाइटवर टाकायची, पुढं कुणी विचारलं काय येतं तर दाखवायला काहीतरी असतंय. धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर फिरायचं, त्यांना जेवढी रानभाजी ओळखू येते तेवढी आमच्या प्रोफेसरांना येत नाही (हे त्यांना सांगू नका). फर्स्ट एड शिकायचं. इंग्रजी बोलायची सवय करायची, बंगलोरची फॅमिली आली तर गवा दाखवून नुसतं हसत उभं राहायचं का? पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन कोर्स आहे तो सुट्टीत बघा. पुढं धंदाच करायचा असेल तर ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या केंद्राच्या पर्यटन संस्थेत टुरिझमचं एमबीए आहे, गोव्यातही त्यांचा कॅम्पस आहे. आणि अभ्यासाकडं ओढा असेल तर डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं एमएस्सी, पण जागा कमी आणि एन्ट्रन्स अवघड, आधीच सांगून ठेवतो. तुमच्या एमपीएससीचं म्हणाल तर वनसेवेतून आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल होता येतं आणि बॉटनीवाल्यांना ती वाट मोकळी आहे, त्यामुळं तुमचं आणि तिचं भांडण वाटतंय तेवढं मोठं नाही.

आता पैसा, कारण खरी काळजी तीच आहे ना. समजा घराच्याच दोन खोल्या होमस्टेला दिल्या, शनिवारी आठ माणसं, जेवणासकट माणशी १५०० धरा, १२,००० झाले. वर्षात चांगले शनिवार वीसच धरा, जास्त धरू नका, कारण पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. २,४०,००० आले, त्यातलं निम्मं किराणा, गॅस, मदतीच्या बायकांचा पगार यात जातं. राहिले लाखभर. यावर संसार चालत नाही, पण शेतीला किंवा नोकरीला जोड म्हणून काय वाईट? आणि वरचं उत्पन्न मध, नाचणी, कोकम यातून. भुदरगडातल्या पाटगावचं बघा, मधाचं गाव म्हणून नाव झालं आणि २०२३ ला केंद्राच्या बेस्ट टुरिझम व्हिलेज स्पर्धेत ब्राँझ मिळालं. तिथं स्विमिंग टँकमुळं कोण गेलं नव्हतं. तिला एकदा घेऊन जा, लोकांशी बोलू दे, कोण किती कमावतं ते स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. पाहुणे तांबडा-पांढरा मागणारच, तो द्या की, पण एकवेळ नाचणीची भाकरी आणि रानभाजी वाढायचीच.

सुरुवातीची तीन-चार वर्षं तिनं दुसरीकडं नोकरी करावी, ताडोबा, कान्हा, कुठंही चालेल, दुसऱ्याच्या पैशावर शिकून घ्यावं, मग गावात यावं. पोरगी एवढ्या लांब एकटी कशी राहणार हा तुमचा प्रश्न पत्रात तीनदा आलाय. राहते हो. गाइड म्हणून जिप्सीत उभ्या राहणाऱ्या गावच्या पोरी ताडोबात बघून या एकदा.

चुलत्यांना सांगा, जेसीबी बोलवायच्या आधी सातबारा घेऊन वनविभागात जाऊन या. जमीन इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात येते का ते आधी कळू दे, अभयारण्याच्या हद्दीपासून किलोमीटरभराच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला सहसा परवानगी मिळत नाही. टँकचा खर्च त्यानंतर काढा.