पियानो ठळक असलेली गाजलेली इंग्रजी गाणी ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की घरी पेटी वाजवता, इंग्रजी गाणी फारशी कानावर पडलेली नाहीत आणि पियानोची चार चांगली गाणी हवी आहेत. मीही पेटीवरूनच पियानोकडे वळलो, म्हणून तिथूनच सांगतो.

पेटीची पट्टी दाबून भाता मारत राहिलं की सूर हवा तितका वेळ टिकतो. पियानोत नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. हा विरणारा सूर कोण कसा सांभाळतो, तिकडे कान द्या.

पहिलं गाणं जॉन लेननचं 'इमॅजिन', १९७१ सालचं. सा पांढरी एक, म्हणजे पेटी लगेच पुढे ओढता येईल. सुरुवातीच्या ओळींमध्ये गाणारा थांबला की पियानोवर तीन सूर येतात: धैवत, कोमल निषाद, शुद्ध निषाद. लागोपाठच्या तीन पट्ट्या, आणि चौथ्या पावलाला परत सा. एवढ्याशा जागेने ते गाणं जगभर ओळखलं जातं. मला ती जागा आजही पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटते.

मग बीटल्सचं 'लेट इट बी' (१९७०). तेही पांढरी एकमध्येच. पॉल मॅकार्टनी सा, प, ध, म यांच्यावर उभे केलेले चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह) ठामपणे वाजवतो, बस्स. त्यातली 'मदर मेरी' अनेकांना येशूची आई वाटते. पॉल चौदा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तिचं नाव मेरी होतं. ती स्वप्नात आली, त्यातून हे गाणं झालं.

पण मला एकच गाणं निवडायला सांगितलं, तर सायमन आणि गारफंकल यांचं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' (१९७०). पॉल सायमनने ते गिटारवर रचलं होतं. लॅरी नेक्टेल या वादकाने काही दिवस बसून ते पियानोवर बसवलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल ढंगात. या संगीत-संयोजनाला ग्रॅमीही मिळालं. पहिल्या कडव्यात फक्त पियानो आणि आर्ट गारफंकलचा आवाज. आवाज हळुवार असतो, तर पियानोही त्याच्यावर चढत नाही. ओळ संपली की मात्र तो भरून बोलतो. आपल्याकडे भजनाला चांगला पेटीवाला गायकाची जागा संपेपर्यंत थांबतो ना, अगदी तसं. शेवटाकडे इतर वाद्यं येऊन गाणं फुगत जातं, तरी कान पियानोवरच ठेवा.

क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) तुम्हाला कोणीही सुचवेल. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पियानोही तिथे शिकला आणि शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये वाजवायचा. सुरुवातीचं समूहगान संपलं की संथ भाग सुरू होतो. त्यात डावा हात उजव्यावरून पलीकडे जाऊन वरचे सूर वाजवतो. गाण्याचा कार्यक्रमातला व्हिडिओ मिळाला तर हात नीट बघा.

अलीकडचं हवं असेल तर अडेलचं 'समवन लाइक यू' (२०११). साथीला फक्त डॅन विल्सनचा पियानो. तो कॉर्ड एकदम दाबत नाही, एकेक सूर सुटा करून सतत फिरवत राहतो, म्हणजे एक विरायच्या आत दुसरा हजर. मी हे पेटीवर वाजवायला बसलो तेव्हा आधीच्या पट्ट्या दाबून ठेवायचो आणि सगळे सूर सारख्याच जोरात गुंजत राहायचे. पियानोवर जुना सूर आपोआप मागे सरतो, नवा पुढे येतो. पेटीवर करून बघायचं असेल तर बोट लवकर उचला.